हॉटेलातलं वाण

मुरगाव
२७ डिसेंबर २००१

ती. आजी,

तुझी आठवण येते असं लिहायला घेतलं तर पत्र तिथेच भरेल, म्हणून कामाचं आधी. आमच्या हॉटेलने एक जानेवारीपासून प्लास्टिक बंद करायचं ठरवलंय. एकदा वापरून टाकायच्या सगळ्या वस्तू जाणार. पाहुण्यांच्या खोलीत ठेवतात त्या बोटाएवढ्या शाम्पूच्या बाटल्या, अंघोळीच्या टोप्या, कंगवे, पेले, सरबत ओढायच्या नळ्या. त्याऐवजी काचेचे पेले आणि भिंतीला एक मोठी बाटली. चांगलीच गोष्ट आहे. पण जुना माल स्टोअरमध्ये पडून आहे आणि स्टोअर माझ्याकडे. तो आता इथे लागणार नाही.

पेडण्याचा कृष्णनाथ आमच्याकडे भाजी घालतो. जाताना त्याचा टेम्पो रिकामाच असतो. त्याच्याबरोबर बावीस खोकी पाठवते. काजूच्या भट्टीच्या खोपीत ठेव. बोंडू पडायला लागेपर्यंत खोप मोकळीच असते ना.

सीझन आहे, सुट्टी नाही. गेटबाहेर जायला पास लागतो. पत्रं ऑफिसातूनच टपालात जातात, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझी
क्षमा


कोरगाव
६ जानेवारी २००२

चि. क्षमा बाय,

आजीचा आशीर्वाद घे आणि आजोबांचाही माझ्याच हातून घे, ते काजूच्या बागेत मोहर बघायला गेलेत. मोहर बरा आहे म्हणतात. त्यांचं बरं म्हणजे पुष्कळ.

खोकी पोचली गो. कृष्णनाथाने एकट्याने उतरवली. मी त्याला चहा दिला, बरोबर दोन उंडे. पोदेर आता स्कूटरवरून येतो, भोंपू मात्र सायकलीचाच ठेवलाय, नाहीतर लोकांना पाव आला ते कळायचं कसं. तर कृष्णनाथ म्हणाला, तुमची क्षमा स्टोअर सांभाळते, चाव्या तिच्या कमरेला. मी हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, कारण जानकी कुंपणापलीकडे शेण गोळा करत होती. तिने ऐकलं. शेण गोळा करायला एवढा वेळ लागत नाही.

गेटवर पास लागतो हे वाचून तर माझा जीवच भांड्यात पडला. म्हणजे मुली वाटेल तशा बाहेर जात नाहीत, कोण वाटेल तो आत येत नाही. आणि पत्रंसुद्धा तेच टपालात घालतात. एवढी काळजी तर मीही घेतली नसती. तुझे आईबाप गेल्यावर मला एकच घोर होता, आपल्या माघारी या पोरीला कोण सांभाळेल. आता अख्खं हॉटेल सांभाळतंय.

एक खोकं उघडलं, फक्त बघायला. काय वास गो! ओवळांचं फूल सकाळी पडतं ना, तसा, पण जरा साहेबाच्या घरचा. बाटलीवर निळा मासा काढलाय. फेकवत नाही हो असली वस्तू. मोठ्या लोकांना कशाचं काय वाटेनासं होतं बघ, न वापरलेली वस्तू नको झाली.

फोन करायला सांगू नकोस. जानकीच्या जावेकडे फोन आहे, पण फोनवरचं बोलणं हवेत जातं. पत्र मी रोज वाचते, आदल्या दिवशी न दिसलेलं काहीतरी दिसतंच.

तुझी आजी
सत्यवती


मुरगाव
१५ जानेवारी २००२

ती. आजी,

तिळगूळ कागदावरच घे.

खोकी कोरडी आहेत ना? कृपा करून त्यांना हात लावू नकोस, आहेत तशी राहू देत.

मी बरी आहे. खोलीत मी आणि कोल्हापूरची कुसुम. जनेल नाही, उजेडाला दिवा आणि हवेला पंखा. कुसुमला तुझी पत्रं वाचून दाखवते, ती हसते. मार्चमध्ये दोन दिवस सुट्टी मागितली, साहेब बघू म्हणाले. दुसरीकडे अर्ज करावा असं मनात येतं, पण माझे बारावीचे आणि कोर्सचे मूळ कागद ऑफिसच्या कपाटात आहेत. सगळ्याच मुलींचे असतात. आता पुरे करते.

तुझी
क्षमा


कोरगाव
२३ जानेवारी २००२

चि. क्षमा बाय,

तुझं पत्र काल आलं. खोक्यांना हात लावू नकोस म्हणतेस, अगो, तुला वाटलं ही म्हातारी उचलायला जाईल आणि कंबर धरून बसेल. एवढ्या कामात माझ्या कमरेची काळजी! पण मी एकही उचललं नाही. तिथेच फोडलं आणि ओच्यातून घरी आणलं.

आता बातमी ऐक, आणि नीट बसून ऐक. यंदाचं माझं हळदीकुंकू कोरगावात कुणी विसरणार नाही.

तुला माहीत आहे, दरवर्षी मी वाण काय देते. एकदा सुपाऱ्या, एकदा माचिसच्या पेट्या, त्या वर्षी चहागाळणी दिली तर जानकी म्हणाली, सत्यवतीची गाळणी, चहा आत राहतो आणि पावडर बाहेर येते. बारा वर्षं झाली, अजून म्हणते. यंदा मी बुधवारी बायका बोलावल्या. प्रत्येकीच्या ओटीत एक बाटली, एक टोपी, एक कंगवा आणि चार पेले. वर नळ्यांची जुडी. बायका आधी एकेक वस्तू उलटसुलट करून बघत राहिल्या. मग एकीने बाटलीचं झाकण काढलं आणि सगळा ओटा वासाने भरला.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाड्यावरच्या आल्या, ज्या कधी येत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या. चोपड्याची माझी भाची तारा बसने येऊन गेली. मी कुणाला नाही म्हटलं नाही. दीडशेच्या वर झाल्या असतील. सगळ्यांना सांगितलं, माझ्या नातीने हॉटेलातून पाठवलंय. जानकी वाण घेऊन गेली आणि काहीच बोलली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आणि उपयोग बघ बायकांचा. टोपी कुणी डोक्याला घालत नाही, ती लोणच्याच्या बरणीला घालतात, मापात बसते. रिकाम्या बाटलीत खोबरेल, तीर्थ, आणि पुरुषमंडळी काय भरतात ते लिहीत नाही, पत्र ऑफिसातून जातं. पेले जत्रेला चहाला काढले. एवढी माणसं, पण भांडी घासायला कुणाला वाकावं लागलं नाही. चहा प्यायचा आणि पेला टाकायचा, राजेशाही.

सहा खोकी अजून आहेत. रथसप्तमीपर्यंत जातील.

कागद कपाटात आहेत म्हणतेस ते बरंच आहे. आपल्या घरी वाळवी आहे.

तुझी आजी
सत्यवती


मुरगाव
२९ जानेवारी २००२

ती. आजी,

हे पत्र कृष्णनाथ तुझ्या हातात देईल. ऑफिसात दिलेली पत्रं साहेब उघडून वाचतात. म्हणून खोकी का पाठवली ते आधी लिहिलं नाही; पाठवली एवढं त्यांनी वाचलंच. चूक माझी आहे, तुझी नाही. हे पुढचं वाचताना लक्षात ठेव.

प्लास्टिक बंद झाल्यावर साहेबांनी मला सांगितलं की जुना माल मागच्या खड्ड्यात जाळ, आणि वहीत लिही की पुन्हा वितळवणाऱ्या कारखान्याला पाठवला. मी वहीत तसं लिहिलं. सही केली. पण जाळवेना. खड्ड्याच्या पलीकडे बांधकामावरच्या बेळगावकडच्या बाया राहतात, त्यांच्या चुली तिथे, तान्ही मुलं तिथे. थोडे पेले जाळून बघितले तर काळा धूर सरळ त्यांच्या झोपड्यांत गेला. तेव्हा मला तुझी खोप आठवली. वाटलं, तिथे राहील, मग सवडीने खरंच कारखान्याला पाठवीन, आणि वहीतलं खोटं खरं होईल.

आता मडगावची एक संस्था निसर्ग जपणारं हॉटेल म्हणून आम्हाला हिरवी पाटी देणार आहे. पाटी लागली की परदेशी पाहुणे वाढतात. संस्थेची बाई १९ फेब्रुवारीला येते, आणि तिने विचारलंय की जुना माल कुठे गेला, कारखान्याचा कागद दाखवा. कागद नाही. साहेब म्हणतात, सही तुझी. माल आणून दाखव, नाहीतर तू बाहेर विकलास असं मी लिहून देईन. माझा पास काढून घेतलाय. सुट्टी नाही, रविवार नाही. कागद त्यांच्याच कपाटात. चोरीचा शेरा घेऊन मला दुसरं हॉटेल उभं करणार नाही, आणि गावात तर तू माझं नाव दीडशे घरांत पोचवलंयस.

जमेल तेवढं परत गोळा कर. कारण कुणाला सांगू नकोस.

क्षमा


कोरगाव
४ फेब्रुवारी २००२

क्षमा बाय,

कृष्णनाथ समोर उभा होता म्हणून रडले नाही. त्याला चहा विचारायचा राहिला.

मागचं माझं पत्र फाडून टाक. वाळवीचं लिहिलं होतं ते.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. आधी जानकीकडे, म्हटलं कडू ते आधी. कारण सांगायचं नाही म्हणून म्हटलं, बाटल्यांत काहीतरी खराब निघालंय, हॉटेलवाले परत मागतात. तिने मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, “सत्ये, दिलेलं वाण परत मागतेस? आमच्या कुंकवावर उठलीस काय?”

ती खोटं बोलत नव्हती. माझ्या सासूने सांगितलेलं, माझ्या आईने सांगितलेलं, वाण नाकारू नये, वाण परत करू नये. भांडं असतं तर मागून घेतलं असतं गो. उसनं दिलेलं पीठ मागता येतं. मी एकेकीच्या ओटीत हळदीकुंकू लावून दिलंय. ज्या रीतीने दिलं तीच रीत दार लावून उभी आहे. वरच्या वाड्यावर चार घरं फिरले. एकीने दार उघडलं नाही. एक नवी सून बिचारी बाटली घेऊन आली, तर तिची सासू आतून ओरडली. मी तिला म्हटलं, ठेव बाय, तू ठेव.

आणि आणखी एक. आजोबा तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. वायंगणाच्या भाताला पाटाचं पाणी येईना म्हणून वर जाऊन बघितलं, तर व्हाळातून पाटात शिरायच्या तोंडाशी पेल्यांचा बांध झालाय. जत्रेतले आपले पेले, निळ्या माशाचे. खाली सगळ्यांचं भात सुकतंय. ते म्हणाले, हॉटेल स्वच्छ झालं, कोरगाव भरलं. मी राजेशाही म्हटलं होतं ना.

सहा खोकी आहेत तशी आहेत. त्यांना मी आता हात लावत नाही. तुला घरी बोलवावं तर कागद तिथे. तिथे ठेवावं तर चोर ठरवतील. मी इथे बसून दाराकडे बघते. तुझ्या खोलीला जनेल नाही हे मी त्या पत्रात वाचलं होतं, पण ते मला आज दिसलं.

आजी


मुरगाव
९ फेब्रुवारी २००२

ती. आजी,

हे पत्रही कृष्णनाथच देईल. फिरू नकोस. कुणाच्या दारात उभी राहू नकोस. सहा खोकी कृष्णनाथाबरोबर पाठवू नकोस, सहाच परत आली तर बाकीची मी विकली असंच ठरेल.

मी सकाळी सहाला स्टोअरमध्ये जाते आणि रात्री खोलीत येते. मधे समुद्र आहे असं म्हणतात. कुसुम म्हणते, पाहुणी आली की पाया पडून खरं सांग. साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय की त्या दिवशी मी लॉन्ड्रीत असेन.

मला काही लिहू नकोस थोडे दिवस. उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ नाही.

क्षमा


कोरगाव
२१ फेब्रुवारी २००२

चि. क्षमा बाय,

लिहू नकोस म्हणालीस, बारा दिवस लिहिलं नाही. आता लिहिते, नाहीतर फुटेन. तू आत होतीस, तुला काय ऐकू आलं, काय नाही, मला माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

पंधरा तारखेला जानकीचं हळदीकुंकू होतं. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. पन्नासेक बायका होत्या, मला बघून पदर सावरून बसल्या. मी तू सांगितलेलं मोडलं. सगळं सांगितलं. खड्डा, धूर, बेळगावच्या बायांच्या चुली, तुझी सही, कपाटातले कागद. हेही सांगितलं की खराब निघालं म्हणाले ते खोटं होतं. उद्या तुझं स्थळ बघायला कोण आलं तर यातली एखादी म्हणेल, ती होय, हॉटेलातली चोरी. हे मला कळत होतं. पण गप्प राहून तू तिथे आणि मी इथे, दोघी कोंडलेल्याच होतो.

जानकीने तबक खाली ठेवलं. माझी खात्री होती, आता गाळणी निघणार. ती म्हणाली, “वाण परत देत नाहीत. पुढे देतात.”

एवढंच. तुला माहीत आहे, एकीचं वाण दुसरीला दिलं तर आपल्याकडे किती हसतात. जानकीनेच माझ्या मामेसासूला त्यावरून जन्मभर छळलं होतं. तीच सांगत होती. रथसप्तमीपर्यंत वाण देता येतं, आणि तुझी ती संस्थेची बाई रथसप्तमीलाच येणार होती. देणाऱ्या आम्ही, घेणारी ती. नाकारायचं नसतं हे तिला सांगू म्हणाली.

चार दिवसांत काय काय आलं गो. बाटल्या घासून, टोप्यांना लोणच्याचा वास तसाच. कंगव्यांत केस होते ते काढले. चोपड्याहून तारा पोतं घेऊन आली. वरच्या वाड्यावरची ती सासू स्वतः आली, सुनेला पुढे घालून. आजोबा आणि चार पुरुष पाटात उतरले, गाळासकट पेले काढले, तीन पोती भरली. मला म्हणाले, हे पण ने, हे वाण माझ्याकडून. पंधरा दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य. सगळं आलं नाही. नळ्या तर गेल्याच, कोंबड्यांच्या पायांत अजून सापडतात.

मंगळवारी पहाटे कृष्णनाथाच्या टेम्पोत अकरा बायका. मी चौसष्ट वर्षांची, झुआरीच्या पुलापलीकडे पहिल्यांदा गेले. खाली बोटी बघून मी भानच विसरले, जानकीने चिमटा काढला.

गेटवरच्या माणसाने पास मागितले. जानकी म्हणाली, हळदीकुंकवाला पास लागत नाही. त्याने आत सोडलं नाही, आम्ही बाहेरच सतरंजी घातली, तबक मांडलं, पोती आणि ती सहा खोकी भोवती. गोरे लोक फोटो काढायला लागले. मग एक साहेब धावत आला, पातळ मिशीचा, तोच ना तुझा? आम्हाला म्हणाला, मागच्या दाराने या, चहा देतो. एवढ्यात संस्थेची गाडी आली.

बाई फ्रॉकवाली, पांढरे केस, मडगावची. मी कुंकवाची वाटी धरून उभी, आणि माझा हात थांबला. किरिस्तांव बाईला लावावं की नाही, कुणी शिकवलं नव्हतं. तिनेच ओळखलं. वाकली आणि कोकणीत म्हणाली, लाय गो माये. मी लावलं. मग आम्ही अकराजणींनी तिच्यासमोर पोती उपडी केली. लोणच्याच्या टोप्या, गाळाचे पेले, सगळं.

तिने विचारलं हे कुठून आणलं. साहेब मधे बोलायला लागला. मी म्हटलं, “ह्यांनी माझ्या नातीला हे जाळायला सांगितलं. तिनं जाळलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. वाटलं ते मी वाटलं. आता तुम्ही घ्या, वाण आहे, नाही म्हणायचं नसतं.”

तिने एक पेला उचलला, आत बघितलं, आणि साहेबाला म्हणाली, वही आणा. मग सगळे आत गेले. आम्हाला उन्हात दोन तास. तुला भेटू द्या म्हटलं तर मुलगी कामात आहे म्हणाले. तीनला कृष्णनाथाला निघायचं होतं. मी तुझं तोंड न बघता परत आले.

येताना बायका सगळ्या वाटेने हसत होत्या. मीही हसत होते. पण घरी आल्यापासून मला काही सुचत नाही. माझ्या बोलण्याने तुझं सुटलं की आणखी आवळलं, एवढं एकच लिही. बाकी काही नको.

तुझी आजी
सत्यवती


मुरगाव
२५ फेब्रुवारी २००२

ती. आजी,

लॉन्ड्रीत यंत्रांचा आवाज असतो, काही ऐकू आलं नाही. कुसुम चादरी घेऊन आली आणि म्हणाली, बाहेर बायकांनी बाजार मांडलाय, एक म्हातारी तुझ्यासारखी नाक वर करून बोलते. मी दाराशी गेले तर बाहेरून कडी होती.

दीड वाजता साहेब आले. इस्त्रीच्या टेबलावर माझे कागद ठेवले. म्हणाले, घे आणि आजच जा, संस्थेला सांग आजी म्हातारी आहे, तिला काही समजत नाही. आजी, कागद समोर होते. दार उघडं होतं. मी घेतले, पोलक्यात घातले, आणि म्हटलं मला वही पाहिजे.

ऑफिसात ती बाई बसली होती, कपाळाला तुझं कुंकू. वही तिच्यासमोरच होती. माझ्या सहीच्या वरची ओळ मी खोडली. खाली लिहिलं की माल जाळायला सांगितला होता, मी खोटं लिहिलं, माल कोरगावला पाठवला. तारीख घातली, पुन्हा सही केली. खोटं मीही लिहिलं होतं, तेवढं मला माझ्याच हाताने काढायचं होतं.

पाटी मिळाली नाही. हॉटेल आमच्यामुळे बुडालं असं इथे अर्धे लोक म्हणतात, माझ्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही, कुसुम सोडून. बाईने कुसुमचे कागदही मागून घेतले, मग सगळ्याच मुलींचे. कारखान्याची गाडी शुक्रवारी येते. पोती मी स्वतः चढवणार आहे, म्हणून तेवढे दिवस थांबले. पुढचं काम अजून नाही. बाईने कामासाठी एक पत्ता दिलाय, एवढंच.

तू विचारलंस ते एकच लिहायचं होतं. सुटलं, आजी.

काल संध्याकाळी गेटवर गेले. तिथल्या माणसाने सवयीने हात पुढे केला, मग मागे घेतला. मी वाळूवर जाऊन बसले, अंधार पडेपर्यंत. कुणी बोलवायला आलं नाही.

शनिवारची पहिली गाडी धरते.

तुझी
क्षमा